देवीत गेलेला डोळा

(१९४६. नगरमधल्या एका दवाखान्यातली तपासणीची खोली. देवळाली प्रवऱ्याहून आलेली भागूबाई आणि तिची सासू गोजरबाई डॉक्टरीणबाईंसमोर. भागूबाईचा एका डोळ्याचा नवरा मच्छिंद्र त्यांच्या दोन वर्षांच्या शोभाला घेऊन बाहेर बसला आहे; तिचा डोळा नुकताच तपासून झाला आहे.)

डॉक्टर : देवीत डोळा गेला तर डोळ्यात फूल पडतं, तोंडावर वण राहतात. तुमच्या मालकांच्या तोंडावर एक वण नाही, आणि खोबण रिकामी आहे. तो डोळा शस्त्रानं काढलाय.

भागूबाई : आत्याबाई, बाई काय म्हनत्यात?

गोजरबाई : मला काय ठावं. लई वर्सं झाली.

डॉक्टर : आजीबाई, खरं सांगा. त्यांचीही बाहुली चमकायची का? नातीची चमकते तशी, मांजरासारखी?

गोजरबाई : व्हय. दीड वर्साचा हुता. हितंच एका गोऱ्या डाक्तरनं काढला.

भागूबाई : आन मला लग्नात काय सांगितलं? देवी आल्या हुत्या.

गोजरबाई : खरं सांगितलं असतं, तर तुज्या बापानं पोरगी दिली असती?

भागूबाई : ते ऱ्हाऊ द्या. बाई, मंजी शोभीला त्यांच्याकडनं आलं?

डॉक्टर : हो. डोळ्यातला कॅन्सर आहे हा. दर वेळी आईबापांकडूनच येतो असं नाही. पण तुमच्या घरात बापाच्या बीजातून उतरलाय. तुमच्या खाण्यापिण्यानं काही झालेलं नाही.

भागूबाई : ऐका, आत्याबाई. पोटुशी असताना गिरानात भाजी चिरली म्हून पोरीचा डोळा बिघडला, असं गावभर केलंत. सा म्हैने मी मान खाली घालून फिरले. तिची बाहुली चमकली त्या पयल्या दिवशीच तुमाला कळलं हुतं.

गोजरबाई : कळलं हुतं.

डॉक्टर : तेव्हा गाठ लहान असणार. आता मागच्या शिरेत शिरली का, ते डोळा काढल्यावरच कळेल. दुसरा डोळा स्वच्छ आहे. पण हा बिघडलेला आजच काढायला हवा.

गोजरबाई : मच्छिंद्रच्या वक्ताला समदी न्हाई म्हनत हुती. मी एकटी त्याला पाठीशी बांदून दोन दिस चालत आले.

भागूबाई : मंजी वाट ठावी हुती. मग माज्या पोरीला का न्हाई आनलं?

गोजरबाई : पोरगी हाय, भागे. एका डोळ्याची पोरगी कोन करतं?

भागूबाई : पोराचा डोळा काढून जीव राखलात. पोरीचा डोळा राखून जीव घेनार हुतात.

गोजरबाई : मच्छिंद्रला सांगू नगंस. त्याला वाटंल, आपल्यामुळं झालं.

भागूबाई : त्यांच्यामुळं न्हाई. तुमी गप बसलात त्यामुळं. बाई, मला चौथा म्हैना चाललाय.

डॉक्टर : त्या बाळालाही निम्मी धास्ती आहे. जन्मलं की आठवड्याच्या आत दाखवा, मग दर महिन्याला. लवकर सापडलं तर बहुतेक वाचतं.

भागूबाई : आनीन. कुनाला इचारनार न्हाई.

डॉक्टर : कागदावर वडिलांचा अंगठा लागेल.

भागूबाई : आत्याबाई, भाईर जा. लेकाला सांगा.

गोजरबाई : काय सांगू?

भागूबाई : आत्ता हितं सांगितलं त्येच.

गोजरबाई : त्यो परत माज्या तोंडाकडं बगायचा न्हाई.

भागूबाई : न्हाई बगायचा. आन शोभीला आत द्या म्हनावं. भूल देईस्तवर मांडीवर घेते.