स्क्रू राहतोय

दातांच्या दवाखान्यात तिचं काम पाच मिनिटांत झालं. गेल्या महिन्यात वारलेल्या वडिलांची पुढची तारीख रद्द करायची होती. तरी ती बसून राहिली. शेजारी एक म्हातारे शिंपी आणि त्यांची मुलगी होती.

“बाबा, जीभ लावू नका तिथे.”

“सूज आहे का बघतोय गं.”

“ते डॉक्टर बघतील. तीन महिन्यांची शुगर साडेनवावरून पावणेसातवर आलीय, सांगा त्यांना.”

“तूच सांग. माझ्या चहामागे तूच हात धुऊन लागली होतीस.”

“मग काय! नव्या दाताच्या हिरडीतून रक्त येतंय म्हणून डॉक्टरांना नावं ठेवायची, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर गोड चहा प्यायचा!”

“गिऱ्हाइकाला एकट्याने प्यायला लावू?”

“आज सूज दिसली तर नव्या दाताचा हाडात बसवलेला स्क्रू काढणार म्हणालेत.”

“म्हणून तर सकाळपासून सुईत दोरा जात नाहीये.”

बापलेकीला आत बोलावलं. दार बंद झालं. ती दाराकडे बघत राहिली. मग ते धाडकन उघडलं.

“एक थेंब नाही! डॉक्टरांनी हिरडीला बारीक सळई लावून पाहिली, रक्ताचा एक थेंब नाही!”

“बाबा, हळू! लोक बसलेत.”

“बसू देत! स्क्रू राहतोय!”

“शुगर अशीच राहिली तर. आणि दाताने दोरा तोडायचा नाही.”

“चाळीस वर्षांची सवय आहे गं.”

“दुकानात अकरा कात्र्या आहेत, बाबा.”

“मग ये रोज पहारा द्यायला.”

“येईन. रोज येईन.”

खुर्चीत बसून राहिलेल्या तिने पाय आत घेतले आणि त्या दोघांना वाट करून दिली.