घड्याळाखालचा कोपरा

आयोवातल्या आमच्या शाळेच्या जिममध्ये पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला गाव जमलं होतं. आमच्याकडे चिठ्ठी नसते. ज्याला जो उमेदवार हवा, त्यानं त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं.

“आर्डिथ, चल लवकर. गव्हर्नरचा कोपरा घड्याळाखाली आहे.”

“तू जा, व्हर्लिन. मी सिनेटरबाईंकडे उभी राहणार.”

“हे काय भलतंच? अख्खं गाव बघतंय!”

“बघू दे की.”

“अगं, आमची माणसं मोजकीच आहेत. तेरा भरली नाहीत तर कोपरा मोडतो!”

“ठाऊक आहे.”

“दर निवडणुकीला माझ्याच शेजारी असायचीस ना?”

“असायचे. मफलर नीट गुंडाळ, तिकडे दारातून गार वारा येतो.”

मोजणी झाली. घड्याळाखाली बारा जण भरले.

“आर्डिथ! एकच माणूस कमी पडतंय गं! ये ना!”

“मोजलं मी.”

“मग आता मी कुठं जाऊ?”

“घरी जा, नाहीतर इकडे ये. माझ्या शेजारी जागा आहे.”

“एवढ्या सगळ्यांदेखत?”

“मी दहा वेळा आले की तुझ्याकडे. सगळ्यांदेखतच.”