गुणाचा नारळ

...आन् मी म्हणतो, त्या नारळानं कुणाचं काय घोडं मारलं होतं हो? तुमास्नी सांगतो, आमच्या अणशी गावात चित्र काढायचं म्हंजे वाघिणीची धार काढायची!

गिरजाचा गुणा. नुकतं मिसरूड फुटलेलं पोरगं, पर चुलीतला कोळसा हाताला लागला की घराची भिंत काळी! त्यात बेळगावचे रामचंद्र मास्तर गावात मुक्कामाला आले, पोरास्नी चित्रं शिकवाया. म्हणाले, "जो लोटा आणि नारळ हुबेहूब काढेल, त्याला मी बेळगावला शिकायला नेतो." झालं! गुणा पेज अर्धी टाकून मास्तरांम्होरं जाऊन बसला.

आदी नुस्त्या रेघा. उभ्या, आडव्या, तिरक्या. मग हात न उचलता गोल. गुणाचा पयला गोल भोपळ्यागत, दुसरा भाकरीगत, तिसरा... वा रे पठ्ठ्या! मग मास्तरांनी पाटावर तांबडं फडकं आंथरलं, वर पाण्याचा लोटा, शेजारी नारळ, शेंडी वर. म्हणाले, "एक डोळा मिटा, हात ताठ करा, पेन्सिलीनं माप घ्या. आणि हलायचं नाही, हलवायचं नाही!"

आता मला सांगा, तांबडं फडकं, शेंडीचा नारळ, म्होरं पोरं चिडीचूप, एक डोळा मिटून हात ताठ... वाटंनं चाललेल्या नागू गावकाराला, गावच्या मानकऱ्याला, काय वाटंल? पोरांच्या अंगात आलंय! वहाणा काढल्या, हात जोडले, सुरूच की हो गाऱ्हाणं! "बा देवा म्हाराजा, समद्या पोराबाळांस्नी सुखी ठेव रे म्हाराजा!" पोरं सवयीनं वरडली, "व्हय म्हाराजाऽऽ!" आन् फाट्! नारळाची दोन शकलं. गुणाची नुस्ती शेंडी काढून झालेली! मास्तर कळवळले, "अहो, हलवायचं नाही..." तर त्यांच्याच तोंडात खोबरं कोंबलं. बोलायचं कसं?

दुसऱ्या दिवशी दुसरा नारळ. तर बायकांची ही रांग! सावित्रीला जावई पायजे, केशरची म्हस आटलीया. हळद, फुलं, तांदूळ... नारळ दिसंल तर शपथ! गुणा म्हणतो, "काकू, जरा बाजूला..." "गप रे! देवाम्होरं बोलू नये!"

तिसऱ्या दिवशी गडी लोटा-नारळ घेऊन माळ्यावर चढला, शिडी वर वढून घेतली, आन् काढला! असा काढला, असा काढला, की उंदीर कागदाकडं धावला! नाचत खाली आला, तर दारात गावकार. कागद बघून म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी. "देव परगटला रे, परगटला!" कागद थेट देवळात. आता म्हणे हलवायचं न्हाई!

गुणा ढसाढसा रडला. तिकडं बेळगावची गाडी जुंपलेली! मास्तर तरातरा देवळात गेले, चित्र बघितलं आन् भानच हरपलं बिचाऱ्यांचं. एक डोळा मिटला, हात ताठ केला, माप घ्यायला पेन्सिल धरली... संपलं! आता मास्तरांच्या अंगात आलं! गावानं घेरलं, कपाळाला मळवट, गळ्यात हार, मांडीवर जितं कोंबडं! मास्तर दातांतल्या दातांत पुटपुटले, "गुणा, मलाच काढ. पटकन काढ, तेच घेऊन तुला नेतो!"

जन्मात पयल्यांदा म्होरलं काय हललं न्हाई बघा! चष्मा, मिशा, कोंबड्याचा तुरा, समदं कागदावर उतरलं. शेवटची रेघ मारून वळतो, तर मागं गिरजा, कुंकवाची वाटी घेऊन. "बेळगावला चाललास न्हवं? मग चित्राला कुंकू लावल्याबिगर धाडीन व्हय मी?"

करतो काय? गुणानं कागद म्होरं धरला. "लाव आये, लाव. पर मास्तरांच्या नाकावर नको, तिथं आत्ताच सावली काढलीया."