दुसरं गिऱ्हाईक विचारून गेलंय

…आणि वर मलाच विचारतात, 'हे नाव तुम्ही वापरलंच का?' आता तुम्हीच सांगा, शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस मशीनचं नाव नाही घेणार तर काय शेजारच्या टायरवाल्याचं घेणार? तुम्हाला सांगतो, उभा जन्म गेला माझा त्या एका कंपनीची मशीनं उघडण्यात… ती जुनी, काळी, बिडाची, एकट्यानं उचलली की कमरेत उसण भरते, ती. दुसऱ्या कंपनीचं मशीन घेऊन कोणी आलं तर मी सरळ हात जोडतो, बाबा रे, पुढच्या गल्लीत जा. आमची ही म्हणते, 'अहो, दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवता, बरे आहात ना?' पण नाही जमत मला. एक कंपनी म्हणजे एक कंपनी. कुठली म्हणता? नाव मात्र मी घेणार नाही. एकदा पोळलंय तोंड, आता ताकसुद्धा फुंकून पितो.

झालं काय, की त्या कंपनीनं ही मशीनं बनवायची केव्हाच बंद केली. सुटे भाग बंद, दुरुस्ती बंद, फोन करा तर पलीकडून गोड आवाजात उत्तर, 'नवीन घ्या ना!' अहो पण ज्या बाईनं त्या मशीनवर पोरांची शिक्षणं केली ती नवीन घेईल का? तिला तेच हवं असतं, आणि ते चालू करून देणारा मी जिवंत आहे. फक्त मी आहे कुठं हे कुणाला माहीत नाही, कारण माझं दुकान जिन्याखाली. वाकून आत यायचं, वाकूनच बसायचं, आणि निघताना विसरून सरळ उभं राहिलात तर टेंगूळ फुकट.

तर इथं माझा मेहुणा शिरतो. हिचा धाकटा भाऊ. हुशार आहे. म्हणजे, हुशार आहे असं ही म्हणते. तो आला आणि म्हणाला, 'भाऊजी, जग कुठं चाललंय आणि तुम्ही अजून पाट्या रंगवताय. वेबसाइट काढा.' आणि काढलीसुद्धा पठ्ठ्यानं, माझ्या जिन्याखाली बसून, चहा संपायच्या आत. पत्ता काय ठेवला? आधी कंपनीचं नाव, त्याला चिकटून 'रिपेअर', मग टिंब आणि कॉम. मी विचारलं हो, मी खरंच विचारलं, 'अरे, दुसऱ्याचं नाव आहे, कंपनी काही म्हणणार नाही ना?' तर हसला. 'भाऊजी, नाव मोकळं होतं म्हणून तर मिळालं. मोकळं नसतं तर कॉम्प्युटरनं दिलं असतं का?'

पटलं मला. तुम्हालाही पटलं असतं, उगाच माना हलवू नका. पैसे भरले, नाव मिळालं, पावती आली. आता मला काय ठाऊक, की पावती देणारा फक्त खुर्ची रिकामी आहे का एवढंच बघतो, तिच्यावर रुमाल कुणाचा पडलाय ते बघत नाही!

बरं, वेबसाइटवर काय होतं? माझा एक फोटो, बनियनवर, मांडीवर मशीन उघडलेलं, नाकाला तेल. आणि खाली हिनं सांगितलेली ओळ, 'कंपनीनं सोडलेली मशीनं आम्ही धरतो. आमचा कंपनीशी काही संबंध नाही, असता तर दुकान जिन्याखाली असतं का?' झालं. एवढ्यावर फोन सुरू. कुठून कुठून माणसं यायला लागली, कुणी रिक्षात मशीन घालून, कुणी गाडीच्या डिकीत, एक आजोबा तर मशीनचं नुसतं शटल रुमालात बांधून घेऊन आले, बायकोला कळू न देता. आणि तुम्हाला सांगतो, त्या कमाईवर पहिली गोष्ट काय केली असेल, तर हिचं बाहेरचं शिवणकाम बंद केलं. डोळे गेले होते तिचे त्या कामात. सुई ओवायला शेजारणीला हाक मारायची आणि मला वाटायचं, लाज आहे रे तुझ्या जिण्याला. म्हटलं, झाकण घाल त्या मशीनवर, पुरे झालं आता. तिनं झाकण घातलं त्या दिवशी मी फार खुशीत होतो, खोटं कशाला बोलू.

आणि मग ती नोटीस. जाड कागद, वर कंपनीच्या वकिलांचं नाव. कंपनीचं? नाव मात्र मी घेणार नाही. आत काय, तर 'आपण आमच्या अशिलांचे नोंदणीकृत नाव वापरून ग्राहकांची दिशाभूल करीत आहात. आपण म्हणजेच कंपनी असा लोकांचा समज होत आहे.' मी! बनियनमधला मी! अहो, आजवर एका माणसानं मला कंपनी समजावं? येणारा प्रत्येक जण आत डोकावून आधी 'इथंच का?' असंच विचारायचा, तेही नाक मुरडून. पण नोटिशीत लिहिलेलं, 'सदर नाव विनाविलंब आमच्या स्वाधीन करावे.'

शहाणा माणूस काय करेल? वकिलाकडे जाईल. ही तेच म्हणाली, 'अहो, आधी जाणत्या माणसाला दाखवा, मग काय ते उत्तर द्या.' बायकोचं तेवढं ऐकलं असतं तर आज तुमच्यापुढं अशी बडबड करत बसलो नसतो. पण मेहुण्याचे डोळे चमकले. 'भाऊजी, यांना नाव हवंय. म्हणजे गिऱ्हाईक चालून आलंय!'

आता इथं माझं धंद्याचं हाड आडवं आलं. मी जुन्या मशीनची खरेदीविक्रीही करतो, आणि आमच्या धंद्यात एक रीत आहे. गिऱ्हाईकानं मशीनला दुसऱ्यांदा हात लावला, की आपण लगेच हो म्हणायचं नाही. आपण तेलाचा डाग पुसत बसायचं आणि सहज म्हणायचं, 'कालच दुसरं गिऱ्हाईक विचारून गेलंय.' दुसरं गिऱ्हाईक? कुठलं आलंय! पण म्हणायचं. ऐकणाऱ्यालाही माहीत असतं, तो हसतो, भाव जमतो, सगळे खूश. तर मी मेहुण्याला मेल सांगितला, त्यानं टाइप केला, 'नाव देण्यास आमची हरकत नाही. योग्य भाव बोला. मात्र लवकर बोला, दुसरं गिऱ्हाईक विचारून गेलंय.' आणि मिशीवर ताव देऊन बसलो दोघं.

भाव आला नाही. तक्रार आली. वेबसाइटच्या नावांचे तंटे सोडवणाऱ्या पंचांपुढं.

तेव्हा कुठं गेलो वकीलबाईंकडे. शांत बाई, आवाज असा की मेलेल्या माणसालाही वाटावं, होईल सगळं ठीक. नोटीस वाचली, वेबसाइट बघितली, फोटोवर थोडं हसल्या. म्हणाल्या, 'केस बरी आहे तुमची. तुम्ही खरंच फक्त त्यांचीच मशीनं दुरुस्त करता, कंपनीशी संबंध नाही असं स्पष्ट लिहिलंय… कशाची दुरुस्ती ते सांगण्यापुरतं नाव घेतलं, असं मांडता येईल.' माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी तो मेल उघडला. चष्मा काढला. पुसला. परत घातला आणि विचारलं, 'हे कोणी लिहिलं?' मी मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्यानं पंख्याकडे बघितलं.

'अहो,' त्या म्हणाल्या, 'त्यांना तीन गोष्टी पटवाव्या लागतात. नाव सारखं आहे, ते तर दिसतंच. तुम्हाला ते वापरायचा काही हक्क नाही, हे पटवणं त्यांना जड गेलं असतं. आणि तुमचा हेतू वाईट होता, हे सिद्ध करता करता तर त्यांच्या नाकी नऊ आले असते. ते काम तुम्ही करून दिलंत. त्यांचंच नाव त्यांनाच विकायला काढलंत, वर दुसऱ्याला देईन अशी भीती घातलीत.' मी म्हटलं, 'बाई, पण दुसरं गिऱ्हाईक नव्हतंच हो! ते आपलं बोलायची रीत!' तर म्हणाल्या, 'हे आता पंचांना समजावून सांगायचं कसं, तेवढं मला सांगा.'

नाही समजलं पंचांना. गेलं नाव कंपनीकडे. दुकान तेच, हात तेच, पण फोन असा गप्प झाला की मी दोनदा रिसीव्हर उचलून बघितला चालू आहे का. मेहुण्यानं दुसरी वेबसाइट काढून दिली, 'जुनी शिलाई मशीन दुरुस्ती' अशा सोज्वळ नावाची, तिच्यात फक्त मी आणि तोच जायचो. आणि एका दुपारी घरी आलो तर हिनं मशीनवरचं झाकण काढलेलं. सुई डोळ्याशी धरून बसली होती. मला रडायला आलं, सांगायला लाज वाटत नाही. मी सुई ओवून दिली आणि दुकानात परत गेलो.

आता गंमत ऐका. काही दिवसांनी एक बाई आल्या, काळं मशीन घेऊन. विचारलं, माझा पत्ता कुणी दिला? तर म्हणाल्या, वेबसाइटवर गेले, तुमच्या जुन्या पत्त्यावर हो, तिथं कंपनीची नवी मशीनं दिसली. खाली कंपनीचा फोन होता, तो केला. तिथली मुलगी आधी म्हणाली नवीन घ्या. मी चिडले, तशी हळू आवाजात म्हणाली, 'आमच्याशी तंटा झालेले एक गृहस्थ आहेत, जिन्याखाली बसतात,' आणि तुमचं नाव-पत्ता दिला. दुसऱ्या दिवशी दोघं आले, मग चौघं. त्या पोरीनं तरी काय करावं, दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या? ती सगळ्यांना माझं नाव सांगत सुटली. माणसं त्याच दारानं येतात, फक्त दार आता त्यांचं. हिनं मशीनवर परत झाकण घातलं.

मी मात्र उडत उडत वकीलबाईंकडे गेलो. म्हटलं, बाई, सापडले! कंपनी माझं नाव वापरते, मला न विचारता! पाठवा नोटीस! त्यांनी चष्मासुद्धा काढला नाही. म्हणाल्या, 'काय सांगते ती? तुम्ही जुनी मशीनं दुरुस्त करता, एवढंच ना? खरं आहे ना ते? खरी माहिती द्यायला नाव घेतलं तर चालतं. तुमचा बचाव हाच होता.'

आलो परत. बसलो जिन्याखाली. काम भरपूर आहे, तक्रार नाही… कंपनीचं नाव मात्र मी अजून घेत नाही. पण हल्ली जो येतो तो कंपनीनं पाठवलेला. वाकून आत येतो, मशीन खाली ठेवतो, माझ्या बनियनकडे बघतो आणि अगदी आदरानं विचारतो, 'तुम्ही कंपनीचेच ना?'

मी म्हणतो, बसा. वकीलबाईंना विचारून सांगतो.