मथुरेचा आवाज

मी पहूरची, बाप शेतमजूर, आणि मले दिलं जळगावात पिंप्राळ्याले, तेव्हा तिथं निम्मी शेतंच होती. बिजवराले दिलं. पहिली मथुरा दुसऱ्या बाळंतपणात गेलेली, मागे पाच वर्षांची संगी. लग्नातच सासूनं मथुरेच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात बांधला, सवतीले मान द्यावा लागतो, नाहीतर कोपते ती. संगी मले काकू म्हणे, पण जवळ येत नसे.

दोन वर्षांनी, काय सांगू तुम्हाले, वैशाखातलं जळगावचं ऊन आणि मी गोधडी पांघरून बसलेली. तोंड सुजलं, पाय सुजले, केस कंगव्यात यायचे, भुवया अर्ध्या गेल्या, आरशात पाहिलं की वाटे, ही कोण बाई व माय. आणि आवाज घोगरा, जड. एक दिवस हाक मारली, संगे, जेवाले ये, तर सासूच्या हातातलं ताट पडलं. म्हणे हा तर मथुरेचा आवाज शे! आणि संगी पळत आली ती थेट माझ्या मांडीवर, आई म्हणत.

मग बठ्ठं, सारं घर मले मथुरा समजून वागे. सासू कुंकू लावून हात जोडे, बाई, पोरगी पाहिली ना, आता हिले सोड. डॉक्टरनं रक्त कमी म्हणून टॉनिक दिलेलं, ते कोनाड्यात पडलं. खरं सांगू, मलेच वाटे, मी आत बारीक होत चालली आणि ती भरत चालली.

धुळ्याची नणंद आली, म्हणे वयनी, भूत काय पाय सुजवतं? चला माझ्यासंगे. तिथल्या डॉक्टरनं मले खुर्चीवर गुडघे टेकवून टाचेमागे हातोडी मारली. पाय हलला, पण परत आला इतका सावकाश, जसा दुसऱ्याच कोणाचा. म्हणे गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी मंदावली, आवाजबी त्यानंच. रक्त मुंबईले पाठवलं, तेच निघालं. गोळी लागली, जन्मभराची.

हळूहळू अंगात ऊब आली, आवाज पातळ झाला, सासूनं पेढे वाटले. संगी मात्र कोपऱ्यात. एका सकाळी म्हणे, काकू, गोळी नको खाऊ ना. काऊन व? तर म्हणे, आई जाते. गोळी तळहातावर धरून मी किती वेळ तिच्याकडे पाहत राहिली. मग गिळली.

आता संगी धुळ्याले सासरी, लेकुरवाळी, अजूनबी काकूच म्हणते. माहेरी आली आणि सर्दीनं माझा घसा बसलेला असला की शेजारी येऊन डोळे मिटून बसते. मग मीच दोन शब्द जास्तीचे बोलते. सुखी राहो पोर.