शामरावकाकाच्या गुडघ्याची गोळी

मेडिकलवाल्याले चिठ्ठी वाचता आली का झालं, असं म्हनता न तुमी? मंग हे ऐका.

कापसानं साऱ्याईले रडवलं त्या सालातली गोष्ट. ढाणकीत माह्यं मेडिकल. तवा गुडघ्याची एक नवी गोळी आलती. पोटात जळजळ नाही, अन् लंगडत आलेला मानूस ताठ चालत जाये. डॉक्टरनं ते शामरावकाकाले लिहून देल्ली. पोळ्याच्या आधी काका मोठ्या खुशीनं घेऊन गेले.

पोळा झाला अन् खबर आली, गोळी बंद! हार्ट अटॅकचा धोका हाय, माल वापस करा. मी गाडीले किक मारली अन् थेट काकाच्या वावरात.

"काका, छातीत दुखते काय? दम लागते काय?"

"नाही गा. काहून?"

"त्या गोळीनं हृदय बंद पडू शकते. उरल्या असतीन त वापस द्या."

काका हासाले लागले. "मी खाल्लीच नाही लेका! चांद्या बैल लंगडून राह्यला होता. पुरनपोळीत घालून त्याले चारल्या. कसा ऐटीत गेला तोरनाखालून!"

"अन् तुमचे गुडघे?"

"पोळ्यात माह्ये गुडघे कोन पाह्यते?"

उरलेली पट्टी खिशात टाकून मी निघालो, त काका एकदम गाडीसमोर आडवे. तोंड उतरलेलं.

"बापू, बैलाच्या छातीले त काही होत नाही न?"

मले बैलाच्या छातीतलं काय समजते? पन गाडी लावली, चांद्याच्या छातीले कान लावला, अन् मोठ्या डॉक्टरवानी मान हालवून म्हनलं, "एकदम फस्ट क्लास!"