दुपारची दुसरी उसळी

डॉक्टरांकडे नंबर यायची वाट बघत मी बसले होते. शेजारी मायलेकी. आई खोकत होती, लेक लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती.

"आई, अख्ख्या इमारतीने गॅस काढून विजेच्या शेगड्या घेतल्या. सगळ्यांच्या स्वयंपाकघरातली हवा सुधारली! फक्त आपल्याकडे माझं हवेतली घाण मोजायचं यंत्र रोज दुपारी दोनदा उसळी मारतं, जणू कुणी गॅस पेटवलाय."

"बिघडलं असेल."

"मग बाकीच्या घरांतल्या यंत्रांवर तरी कोण विश्वास ठेवणार? सगळं संशोधन पाण्यात!"

"अगंबाई, एवढं?"

"एवढं!"

"मग ऐक. रागावायचं नाही. ओट्याखाली बादल्यांमागे छोटा सिलिंडर ठेवलाय. जाळ दिसल्याशिवाय मला चहा झाल्यासारखा वाटतच नाही गं."

"आई! म्हणजे यंत्र ठणठणीत आहे! वाचवलंस गं मला! थांब, तुला मिठीच मारते!"

"अगं हळू, लोक बघतायत. पण मी एकदाच करते हं चहा."

"मग दुसरी उसळी?"

"ती तुझ्या बाबांची. माझा डोळा लागला की करून घेतात. त्यांना वाटतं, मला काही कळत नाही."